इनायतची जीप शंकरपटात

"रस्ता लागते तो दुसऱ्याईच्या गाडीले! माह्या गाडीले फक्त कुठी जायचं ते सांगा!"

वरोऱ्याच्या बाजारात इनायत चुडीवाल्यानं हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं, की समोरच्या पानठेल्यावरच्या पोपटालासुद्धा ते पाठ झालं होतं. दोघांत फरक एवढाच, की पोपट मधूनमधून गप्प बसायचा.

ही गाडी म्हणजे एटापल्लीकडच्या एका लाकूड ठेकेदारानं काढून टाकलेली जुनी जीप. तिचा दरवाजा लग्नात रुसलेल्या फुफ्यासारखा, म्हणजे आत्याच्या नवऱ्यासारखा होता, दोनदा आर्जव केल्याशिवाय हलत नसे. पण इनायतचा जीव होता गियरच्या शेजारच्या छोट्या लिव्हरवर. फोर-व्हीलचं लिव्हर! त्याला त्यानं मखमलीची टोपी शिवून घातली होती. "हे ओढलं का गाडीत हत्ती घुसते," तो सांगायचा, "चारही चाकं जमीन फाडत निघतेत!"

त्याची बायको आबिदा मात्र हत्तीवर विश्वास ठेवत नव्हती. समोरच्या बाईचं मनगट नुसतं पाहून चुडीचं माप सांगणारी ती बाई, तिला नवऱ्याचं माप काय कळत नसेल! मागच्या पावसाळ्यात जीप बैलांनी चिखलातून काढली होती, पोळ्याला रेड्यांनी, आणि दिवाळीला तर एका कुंभाराच्या गाढवानंही हातभार लावला होता.

"आता बस झालं," आबिदानं निघतानाच बजावलं. "ह्या खेपेले जनावरानं ओढली, का गाडी सीधी भंगारात. खावा कसम!"

"खाल्ली!" इनायतनं छाती ठोकली. "जनावर तं सोड, तुह्या भावालेही हात लावू देनार नाई!"

ही गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतली. सावली गावाच्या पलीकडे एका खेड्यात शंकरपट भरला होता. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. आणि शर्यती म्हणजे जत्रा. आणि जत्रा म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या साऱ्या बायका चुड्या भरायला हजर! जीपमध्ये मागं तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, बसवलेल्या चुड्यांच्या टोपल्या होत्या, आणि टोपल्यांमध्ये आबिदा.

डांबरी रस्ता गावाला वळसा घालून जात होता. समोर होता रेतीचा नाला, आणि नाल्याच्या पलीकडे भोंग्याचा आवाज.

"सडकेनं चला जी," आबिदा म्हणाली.

"सडकेनं तं यष्टीही जाते!" इनायत म्हणाला, आणि गाडी नाल्यात घातली.

नाल्याच्या मधोमध रेतीनं जीपचे पाय धरले. इनायत हसला. अशा हसण्यानंतर सहसा रडणं येतं, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं मखमली टोपी कुरवाळली, लिव्हर ओढलं आणि पाय दाबला. मागची चाकं गरगर फिरली, रेतीचा फवारा आभाळात गेला आणि जीप आणखी वीतभर खाली बसली.

"घुसला का जी हत्ती?" मागून आवाज आला.

"घुसून राह्यला! थांब!"

त्यानं पुन्हा ओढलं. चाकाखाली पळसाच्या फांद्या घातल्या, दगड घातले, तणसही घातलं. शेवटी खांद्यावरचा नवा शेलाही घातला. चाकांनी तो चिंधी करून परत दिला.

एवढ्यात एक छोटी टोपली घरंगळून जीपखाली गेली. ती काढायला आबिदा वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"अजी, इकडे या. मागच्या चाकाकडे हा लोखंडाचा दंडा जाऊन राह्यला, बरोबर?"

"बरोबर. त्यानंच मागचे चाकं फिरतेत. समोरही तसाच आहे."

"समोर तं मले पलीकडचं आभाळ दिसून राह्यलं."

इनायत पोटावर झोपला. खरोखरच आभाळ होतं! एक बगळाही उडत गेला. पुढच्या चाकांना फिरवणारा दंडाच नव्हता! डिझेल वाचावं म्हणून जुन्या ठेकेदारानं तो कधीच सोडवून घेतला असणार. आणि इनायत इतकी वर्षं मखमलीची टोपी घातलेला एक लोखंडी खुंट ओढत, अंगात हत्ती संचारल्यासारखा हुंकारत होता!

दुसरा कुणी असता तर तोंड लपवलं असतं. इनायत रेती झटकत उठला.

"पाह्यलं? दंडा नसून गाडी इथपर्यंत आली! असता तं कुठी गेली असती, इचार कर!"

पलीकडे भोंगा ओरडत होता. चुड्या भरणारे आणखी दोघं पटावर आलेले असणार, हे आबिदाला ठाऊक होतं. ती कडेला बसून शेंगा सोलत रागानं टरफलं फेकत होती. तेवढ्यात नाल्यात उतरला इनायतचा दोस्त मुखरू. पाखऱ्या आणि बिजल्या ही आपली शर्यतीची जोडी हलक्या छकड्याला जुंपून तो पटालाच निघाला होता.

"फसली का जी इनायतभाऊ? जुंपू काय जोडी?"

"खबरदार!" इनायत जीपसमोर हात पसरून उभा राहिला. "गाडी आराम करून राह्यली!"

"जुंपा मुखरूभाऊ," आबिदा उठली. "माहा बाजार बुडून राह्यला. कसमेचं मंग पाहू."

"तं मग मी इंजिन चालू ठेवीन! गाडी आपल्या पायानं निघंल, बैल फक्त रस्ता दाखवतीन!"

"तसं म्हना," मुखरू म्हणाला. त्यानं छकडा सोडला, जोडीच्या जुवाला दोर बांधला आणि दुसरं टोक जीपला. आबिदा पुन्हा टोपल्यांत बसली. बैलांनी मान घातली, रेतीनं एक लांब उसासा टाकला, आणि जीप चढावर आली.

इथंवर ठीक होतं. पण चढ संपला तिथंच पटाचं मैदान सुरू होत होतं, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. डफडं वाजलं. भोंगा ओरडला, "जोडी येऊ द्या ऽऽऽऽ!"

पाखऱ्यानं कान टवकारले. बिजल्यानं शेपटी उभी केली. पुढच्या क्षणी मुखरू रेतीत तोंडावर पडला होता आणि जीप वाऱ्यावर होती!

इनायतनं ब्रेक दाबला. ब्रेक म्हणाला, पाहू. दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती, मधून बैल, बैलांमागं जीप, जीपमागं धूळ, आणि धुळीत आबिदा दोन्ही हातांनी टोपल्या कवटाळून नवऱ्याच्या सात पिढ्यांना आवाज देत होती! रेषा ओलांडल्यावर बैल शिकवल्याप्रमाणे थबकले. तेवढ्यात ब्रेकलाही आपलं काम आठवलं.

पंच लच्छूभाऊ एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात माइक घेऊन धावत आले. "आजचा सगळ्यात कमी टाइम! पन हे मांगं काय जी? छकडा कुठी?"

कुणी म्हणालं, जोडी बाद. लच्छूभाऊंनी विचार केला. "छकड्याच्या जागी जीप. वजन वाढलंच, कमी नाई झालं. जीप चालत नाई असं पटाच्या कायद्यात लिहेलच नाई!"

एवढ्यात इनायतनं माइक हिसकावला.

"बैलानं गाडी ओढली नाई! गाडीनं बैल पळवले! फोर-व्हील म्हनतेत याले!"

मैदानभर शिट्ट्या! लच्छूभाऊंचा चेहरा मात्र उतरला. "मांगून धक्का देल्ला म्हन्ता? मंग जोडी बाद."

तोवर मुखरू पोचला होता. मिशीत रेती, डोळ्यांत पाणी. "इनायतभाऊ, दरसाली हारतो जी. गाव मले पाहून हासते. आज पयल्यांदा जितलो, अन् तुमी…" पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवून तो उभा राहिला.

इनायतनं माइककडे पाहिलं. जीपकडे पाहिलं. टोपल्यांतून उतरणाऱ्या आबिदाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. एक शब्द बोलला की गाडी भंगारात, तीही साऱ्या तालुक्याच्या साक्षीनं!

"बैलाईनंच ओढली," तो म्हणाला. भोंग्यातून ते चारही दिशांना गेलं. मग त्याला राहवेना. "पन लय मुश्किलीनं ओढली! भारी गाडी आहे!"

मुखरूनं त्याला उचलूनच घेतलं. गुलाल उडाला. इनायत आजही सांगतो, "जिंदगीत एकच डाव खोटं बोललो, तेही दोस्ताच्या इज्जतीसाठी!"

किल्ली मुठीत धरून तो जीपकडे आला, तर जीप दिसेना! बायकांचा गराडा पडला होता. बैलांमागं उडत आलेली गाडी पाहायला साऱ्या आल्या होत्या, आणि बोनेटवर बसलेली आबिदा एकीमागून एक मनगट धरत होती. आरशावर हिरव्या चुड्या, स्टिअरिंगवर लाल, स्टेपनीवर मोत्यांच्या. बाकीचे दोघं चुडीवाले दूर माश्या मारत होते.

"घे किल्ली," इनायत ताठ मानेनं म्हणाला. "कसम म्हनजे कसम. दे भंगारात."

"असं दुकान कोन भंगारात देते?" आबिदानं मानही वर केली नाही.

"म्हनत होतो ना मी!" इनायतची छाती फुगली. "ह्या गाडीत काहीतरी आहे!"

"आहे ना. फक्त चालवायची नाई."

घरापर्यंत चालवायची एवढी एक मुभा मिळाली, तीही डांबरी सडकेनं. तेव्हापासून जीप वरोऱ्याच्या बाजारात विटांवर उभी आहे. चाकं जमिनीला टेकत नाहीत. मागं आबिदा चुड्या भरते आणि ड्रायव्हरच्या सीटवर इनायत ऐटीत बसलेला असतो. कुणी हसलंच, तर तो खिडकीतून मान बाहेर काढतो.

"हासता काय? फोर-व्हील म्हनजे काय, तर चारही चाकाईनं सारखं काम करनं! घ्या पाहून! एकही चाक दुसऱ्यापेक्षा जास्त करत असंल, तं सांगा!"