मिस्टर बरणीत होते तेव्हा

वैदेहीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी पाटबंधारे कॉलनीतले इंग्रजी शब्द गोळा करायला घेतले, तेव्हा नियम नेहमीचाच होता: एकदा दिलेला शब्द तिची तोंडी परीक्षा होईपर्यंत देणाऱ्याला वापरता येणार नाही.

यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. मागच्या साली तळ्यापलीकडच्या वस्तीने कुठल्याशा मुलाच्या प्रकल्पाला आपल्या शिव्या दिल्या होत्या, आणि परीक्षेपर्यंत ती वस्ती इतकी शांत होती की तिथले जागेचे भाव चढले.

वैदेहीच्या शेजारी प्रमिलाकाकू डांगे राहायच्या. वैदेहीच्या घरात काय शिजतंय हे त्यांना वासावरून कळायचं, आणि उद्या काय शिजणार हे आज निवडलेल्या भाजीवरून. शिक्षण आठवी. ‘मला कुठलं आलंय इंग्रजी,’ असं त्या कोणालाही म्हणायच्या आणि समोरचा ‘छे छे, येतं की!’ म्हणेपर्यंत थांबून राहायच्या. त्यामुळे शेजारच्या पोरीने इंग्रजीचा प्रकल्प घेतलाय, हे कळल्यावर काकूंना आपल्याला बोलावणं आलंय असंच वाटलं. बोलावणं आलं नव्हतं. तरी त्या गेल्या.

“शब्द ठेवणार कशात?” त्यांनी बसता बसता विचारलं.

“काचेच्या बरण्या हव्यात म्हणाले सर. प्लॅस्टिकमध्ये शब्दाला वास लागतो.”

“मग बाजारात कशाला जातेस? माझ्याकडे लोणच्याच्या आहेत रिकाम्या. झाकणांसकट.”

बरण्या आल्या. पाठोपाठ सल्लेही आले. दुपारी दोन ते चार कोणाकडे जाऊ नकोस, बायका जराशा पडलेल्या असतात. झोपेत दिलेला शब्द काय कामाचा? आधी चहा घे, मग विषय काढ. पुरुषांना ‘उदाहरणार्थ’ म्हणून विचार, म्हणजे ते दोन जास्त देतात. वैदेहीने शब्दांचे गट पाडले होते: स्वयंपाक, वीज, भावना, नाती. काकूंनी त्यात ‘आजारपण’ घालायला लावलं. त्यात त्यांचा हात धरणारं कॉलनीत कोणी नव्हतं.

पद्धत सोपी होती. बरणी तोंडाजवळ धरायची, शब्द एकदा नीट म्हणायचा आणि वैदेहीने झाकण लावायचं. नंतर तो शब्द म्हणायला गेलं की तोंडातून नुसती हवा यायची.

लोक हुशार. बँकेतून लवकर निवृत्त झालेल्या देशमान्यांनी ‘व्हॉलंटरी रिटायरमेंट’ दिला. जन्मात एकदाच लागणारा शब्द, तो लागून गेलेला, आणि चेहरा मात्र दोन शब्द दिल्याचा. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी ‘डाएट’ दिला आणि त्यांना बरंच वाटलं.

काकूंनी काय द्यावं? त्यांनी ‘गॅस’ दिला, ‘लाईट’ दिला, ‘सॉरी’ दिला, ‘टेन्शन’ दिला. रोजचे, हाताशी लागणारे. द्यायचं तर चांगलंच द्यावं, हा त्यांचा स्वभाव. आणि कॉलनीत सगळ्यांत जास्त इंग्रजी आपलंच निघालं, ही बातमी जिन्यात चार जणींना सांगता आली, हा त्याचा फायदा.

परिणाम व्हायचे ते झाले. गुरुवारी वीज गेली आणि सवयीने काकू गॅलरीत येऊन ओरडल्या, “गेली! गेली!”

देशमानेवहिनी पदर सावरत धावत आल्या. “अगंबाई! कधी?”

“आत्ताच.”

“काही त्रास होता का?”

“त्रास कसला, दर गुरुवारी जाते.”

‘टेन्शन’ गेल्यावर नुसती काळजी उरली, आणि ती वजनाला जास्त निघाली. ‘सॉरी’चं तर विचारूच नका. भाजीबाजारात एका बाईच्या पायावर पाय पडला. ‘माफ करा’ म्हणण्याइतकं काही लागलं नव्हतं, म्हणून काकू काहीच बोलल्या नाहीत. ती बाई तेव्हापासून त्यांच्याकडे बघून तोंड फिरवायची.

हे सगळं चाललं असतं. अडलं ते नात्यांच्या गटात. कोणी ‘मम्मी’ द्यायला तयार नव्हतं, कोणी ‘पप्पा’. ‘आंटी’ द्यायला बऱ्याच जणी तयार होत्या, पण तो शब्द त्या स्वतः वापरत नव्हत्या, त्यांना तो ऐकावा लागत होता, नियमात बसेना. प्रकल्प जमा करायची तारीख आली आणि नात्यांची बरणी रिकामीच. एक गट जरी रिकामा राहिला, तर वर्ष वाया. आणि पास झाल्याशिवाय ज्युनिअर कॉलेजातली शिकवायची जागा मिळणार नव्हती, ती तिच्यासाठी जूनपर्यंतच थांबणार होती. वैदेही पायरीवर बसून नाक पुसत होती. काकूंच्याने ते बघवेना.

“आण ती बरणी,” त्या म्हणाल्या. “घे माझा ‘मिस्टर’.”

वैदेहीची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “प्रमिलाताई, नवरा असा देऊन टाकतात होय?”

“नवरा नाही हो, शब्द. नवरा आत पेपर वाचतोय.”

झाकण लागलं, आणि काकू समाधानाने घरी गेल्या.

घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. डांगे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, जरा कमी ऐकू येणारे, सालस गृहस्थ. समोर असले की ‘अहो’ होतं. पण ते समोर नसले, तर काकूंकडे त्यांच्यासाठी एकच शब्द होता. ‘आमचे मिस्टर बाहेर गेलेत.’ ‘मिस्टरांना वांगं चालत नाही.’ नाव घ्यायचं नाही, आडनावही नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि ‘मिस्टर’ होता तोवर त्याची कधी अडचण झाली नव्हती. कचेरीत कोणी नाव विचारलंच, तर काकू आधारकार्ड पुढे करायच्या.

पुढच्या रविवारी पुतणीचा साखरपुडा होता. दोघं एसटीने निघाले. वाटेतल्या स्टँडवर डांगे चहाला उतरले. मोबाईल काकूंच्या पर्समध्ये, आधारकार्ड डांग्यांच्या खिशात. कंडक्टरने घंटी मारली.

“थांबा, थांबा! आमचे...” काकूंच्या तोंडातून हवा आली.

“काय राहिलं, मावशी?”

“आमचे हे राहिले.”

कंडक्टरने त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. “ही हाय की.”

“ही नव्हे हो. हे!”

“चष्मा असेल,” मागून एक जण म्हणाला. “कवळी बघा जरा,” दुसरा म्हणाला.

“यजमान!” काकूंना सुचलं.

“मावशी, पूजा कुठं हाय ते तिकडं गेल्यावर बघा. गाडीला उशीर होतोय.”

शेवटी जीव मुठीत धरून काकू म्हणाल्या, “माझा नवरा...” आणि तेवढ्यावर रडकुंडीला आल्या. शेजारच्या बाईने त्यांचा हात धरला. “मारतो का ओ?”

कंडक्टर मात्र भला माणूस. आता त्याच्या ध्यानात आलं. “आसं व्हय! मग नाव सांगा की. कंट्रोलरला सांगून भोंग्यावर पुकारतो.”

काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. नाव जिभेच्या मागे कुठेतरी होतं, पण लग्नानंतर तिथून ते कधी पुढे आलंच नव्हतं. त्याला वाट आठवत नव्हती. काकूंनी खिडकीतून डोकं काढून “अहो!” अशी हाक मारली. स्टँडवरच्या झाडून सगळ्या पुरुषांनी वळून पाहिलं. डांगे बशीत चहा ओतत होते.

काकू पिशवी घेऊन उतरल्या. गाडी गेली. दोघं पुढच्या गाडीने पोहोचले, तोवर साखरपुडा आटपून जिलब्या संपल्या होत्या.

परतताना डांग्यांनी दोन्ही तिकिटं घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, “हाक मारायची.”

“मारली. सगळ्या स्टँडने मागे बघितलं, तुम्ही सोडून.”

“मग नाव सांगायचं. मला काय नाव नाही?”

काकूंनी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“आई होती तोवर घरात कोणीतरी नाव घ्यायचं,” डांगे खिडकीबाहेर बघत म्हणाले. “आता एक पोस्टमन घेतो. आणि त्यालाही हल्ली आपल्याकडे काम नसतं.”

ते रागावून म्हणाले असते, तर काकूंनी दोन उलट शब्द ऐकवले असते. ते रागावून म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकू वैदेहीच्या दारात उभ्या राहिल्या. “माझा तो शब्द परत देतेस का गं? बदली दुसरा देते. ‘शुगर’ घे. ‘बीपी’ घे, चांगला मोठा आहे.”

“काकू, ते आजारपणात जातात. नात्यांत तुमचा एकच आहे.” वैदेहीचा चेहरा पडला. “पण तुमचं फारच अडत असेल तर...”

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अडत नाही गं. सहज विचारलं.” घरी येऊन त्यांनी डांग्यांना वांगं वाढलं, कारण त्यांना वांगं चालत नाही, हे बहिणीला फोनवर सांगायला शब्द नव्हता आणि बहिणीने ते वानोळा म्हणून पाठवलं होतं.

तोंडी परीक्षेला बरण्या उचलायला कोणीतरी हवंच, म्हणून काकू कॉलेजात गेल्या. निदान त्यांनी स्वतःला कारण तरी हेच दिलं. दार किलकिलं ठेवायला त्यांनी चप्पल अडकवली.

बाहेरगावचे परीक्षक उंच, सावकाश बोलणारे होते. एकेक बरणी उघडून ते कानाला लावत होते, मान डोलवत होते, झाकण लावत होते. नात्यांची बरणी उघडल्यावर त्यांनी ती आधी नाकाला लावली.

“लिंबाचं?”

“हो सर,” वैदेही पुटपुटली.

दाराआड काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती एक बरणी त्यांनी घाईत नुसती विसळली होती.

परीक्षकांनी बरणी कानाला लावली. बराच वेळ लावून ठेवली. “हा नमुना अपुरा आहे,” ते म्हणाले. “इंग्रजीत हा शब्द नावाच्या आधी लागतो. इथे एकटाच आलाय. नाव कुठाय?”

“नाव दिलं नव्हतं, सर.”

“मग गट रिकामा धरावा लागेल.”

“असं कसं रिकामा!” दार उघडलं होतं आणि काकू आत होत्या. चप्पल बाहेरच राहिली होती. “शब्द माझा आहे, साहेब. ती पोरगी दोन महिने दारोदार हिंडलीय.”

“बसा,” परीक्षक म्हणाले. “उरलेला भाग आपल्याकडे आहे का?”

“आहे म्हणजे... आहे. पण तो लग्नानंतर कधी काढलेला नाही.”

“दिला तर नमुना पूर्ण होईल. मात्र परत देताना दोन्ही जोडूनच मिळतील. पूर्ण झालेला नमुना आम्हाला तोडता येत नाही.” त्यांनी बरणी काकूंच्या पुढे सरकवली. “घ्या नाव.”

त्यांनी ‘नाव सांगा’ म्हटलं असतं, तर काकू कंडक्टरसमोर बसल्या होत्या तशाच बसल्या असत्या. पण ते म्हणाले ‘घ्या नाव’. आणि हे ऐकल्यावर काय करायचं, ते मांडवातून घरात पाऊल टाकलेल्या प्रत्येक बाईला पाठ असतं. काकूंनी पदर खांद्यावर घेतला, खाली पाहिलं, बरणीत उरलेल्या वासाचा एक श्वास घेतला आणि सुरात म्हटलं:

“लिंबाचं लोणचं मुरत ठेवलं, फोडी केल्या चार,
मुरलीधररावांचं नाव घेते, पोरीची नाव करा पार!”

वैदेहीने झाकण लावलं. परीक्षकांनी बरणी पुन्हा कानाला लावली आणि प्रथमच हसले. “समोर ‘मिस्टर’चा इंग्रजी मान, मागे ‘राव’चा मराठी मान,” ते म्हणाले. “हे निष्कर्षात घाला.”

वैदेही पास झाली. त्याच संध्याकाळी शब्द ज्याचे त्याला परत वाटले गेले. देशमान्यांनी आपले दोन मोजून घेतले. सूनबाईंनी ‘डाएट’ घ्यायला दारच उघडलं नाही. काकूंचे ‘गॅस’ आणि ‘लाईट’ नीट आले, ‘सॉरी’ घेऊन त्या आधी भाजीबाजारात जाऊन आल्या, आणि शेवटची बरणी त्यांनी घरी ओट्यापाशी उभं राहून उघडली. थोडा हिंगाचा वास आला.

त्यांनी चहा गाळला. सवयीने ‘अहो’ म्हणणार होत्या. मग दोन्ही कप तसेच ठेवून त्यांनी घसा साफ केला.

“मिस्टर मुरलीधरराव,” त्या बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, “चहा झालाय.”

बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. डांगे बनियनवर होते. घरी कोणीतरी आलंय असं वाटून त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग ते उठले, खुंटीवरचा शर्ट काढला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

“या,” काकू म्हणाल्या.

तेव्हापासून डांगे संध्याकाळचा चहा शर्ट घालूनच घेतात.