उजवीकडचा दांडा

लग्नाच्या घोडीला गाडीत चढवण्याइतकं अवघड काम जगात दुसरं नाही, असं देवरामचं मत महिन्याभरापूर्वीच झालं होतं. देडतलाईच्या वरातीला त्याने आपल्या मैना घोडीला भाड्याच्या पिकअपमधून नेलं होतं. पोचल्यावर मैना बिचकून मागे रेलली, तिच्या वजनाने मागचा दांडा अडकला, आणि नवरदेव पाऊण तास घोडीविना घाम पुसत उभा राहिला. तेव्हापासून गाडी नुसती दिसली तरी मैना चारही पाय रोवून उभी राहायची. त्याच्या जैनाबाद गावाहून चालत गाठता येतील अशी लग्नं असून असून किती असणार? घोडी गाडीत चढली नाही तर देवरामचा धंदा बसल्यातच जमा होता.

म्हणून आज तो बायको सरुबाईला आणि मैनेला घेऊन, पूल ओलांडून, बुऱ्हाणपुरात योगेंद्रच्या आवारात आला होता. योगेंद्र जुन्या गाड्या विकायचा. त्याच्याकडे खास घोड्यांसाठी बनवलेली, शेजारी शेजारी दोन कप्पे असलेली ट्रॉली आली होती. चार वाजता इच्छापूरला वरात होती, त्यामुळे घोडीचा साजही पोत्यात भरून सोबत आणला होता.

"दांडा बघा दादा, एकदम मक्खन!" योगेंद्रने उजव्या कप्प्याचा मागचा आडवा दांडा थोपटला. "कालच रंग मारला. खिट्टी ओढली की खाली. एका हाताचं काम."

"रिकाम्या गाडीत कोणता बी दांडा उघडतो," देवराम म्हणाला. "घोडी रेलल्यावर उघडतो का, ते सांग."

"तो फिर चढवा घोडी."

मैनेने तीन केळी खाल्ली आणि तसूभरही हलली नाही.

देवरामला कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची खोड होती. घोडीला आतून काय वाटत असेल, हा प्रश्न तर त्याला महिनाभर छळत होता. त्याने चपला काढल्या.

"मीच होतो घोडी," तो म्हणाला आणि उजव्या कप्प्यात जाऊन उभा राहिला. "लाव दांडा."

योगेंद्रने छातीपुढचा दांडा लावला, मागचा लावला. देवराम सगळं वजन टाकून मागे रेलला. "हं, आता उघड."

योगेंद्रने खिट्टी ओढली. ती हलेना.

"दादा, जरा पुढे सरका ना."

"मैनेला बी असंच सांगशील का?"

योगेंद्र चिडला. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा खिट्टीची कडी तेवढी त्याच्या हातात आली. खिट्टी मात्र ताज्या रंगात चिकटून भोकातच राहिली. आता देवराम पुढे सरकला तरी दांडा जागचा हलेना.

"अहो, चार वाजता वरात आहे!" सरुबाई बाहेरून ओरडली.

"मला काय सांगते? हातोडी बघा!" देवराम आतून ओरडला.

त्याचा आवाज पेटीतून यावा तसा घुमला. मैनेने कान टवकारले. मालकाचा आवाज येतो, मालक दिसत नाही, हे तिला काही समजेना. तिने मान लांबवून चढायची उतरती फळी हुंगली. सरुबाईने दोर सैल सोडला आणि श्वास रोखून धरला. मैनेने एक पाय फळीवर ठेवला, मग दुसरा, आणि खटखट चढून ती डाव्या कप्प्यात देवरामशेजारी जाऊन उभी राहिली.

सरुबाईने हळूच डावीकडचा दांडा लावला. मैना मागे टेकली असतानाच तिने तो उघडून बघितला, पुन्हा लावला. या बाजूला रंग मारायचा राहून गेला होता, त्यामुळे खिट्टी सुळकन निघत होती.

"योगेंद्र, ट्रॉलीला जीप जोड. इच्छापूर."

"पण वहिनी, दादा आत..."

"राहू दे आत."

वाटेत प्रत्येक खड्ड्याला देवराम आणि मैना एकदमच मागे रेलत होते, एकदमच पुढे येत होते. तिसऱ्या वळणानंतर मैनेने मधल्या आडव्या फळीवरून तोंड घालून त्याच्या खांद्यावर ठेवलं. देडतलाईला अडकलेल्या घोडीवर आपण पाऊण तास खेकसत होतो, हे आठवून देवरामला फार वाईट वाटलं. त्याने तिच्या कपाळावर हात फिरवला.

इच्छापूरला चारला दहा कमी असताना मागची फळी उघडली. मैना ऐटीत उतरली. देवराम आतच होता. लगेच वऱ्हाड गोळा झालं. कोणी वेल्डर सुचवला, कोणी दांडा कापायला सांगितला, मांडववाला हातोडी शोधायला पळाला. फेटा सावरत नवरदेव गौरवही बघायला आला.

"काका," तो जरा वेळाने म्हणाला, "तुम्ही दांड्याखालून वाकून का नाही निघत?"

देवरामने दांड्याकडे बघितलं, खाली बघितलं, वाकला आणि बाहेर आला. दोन तास तो घोडीच्याच डोक्याने विचार करत होता, आणि घोडी काही वाकत नाही.

घोडीला साज चढवताना तो सरुबाईला हळूच म्हणाला, "तुला तरी दिसायला पाहिजे होतं."

"दिसलं होतं की. तिथंच."

"मग बोलली का नाही?"

"बोलली असती तर तुम्ही उतरले असते. तुमच्यामागं ती बी."

योगेंद्रने संधी साधली. "दादा, ट्रॉली तुमचीच समजा. उजवा दांडा उद्याच नवीन टाकून देतो."

देवरामने तोंड उघडायच्या आत सरुबाई म्हणाली, "दांडा राहू दे. तिथं एक खुर्ची बसवून दे."