पाच ग्रॅम सफरचंद

येत्या दिवाळीला सर्वांदेखत अख्खं कच्चं सफरचंद खाणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं! अडुसष्ट वर्षांतली ही माझी पहिलीच घोषणा. चूक तिथंच झाली असावी.

माझं वावडं मूळचं परागकणांचं. पण माझं शरीर सफरचंदालाही परागकण समजतं आणि ओठ भज्यांसारखे फुगतात. बेळगावच्या डॉक्टरांनी उपाय दिला: रोज तोलून कच्चं सफरचंद खायचं, एका ग्रॅमपासून हळूहळू वाढवत. "मध्येच जास्त खाऊन त्रास झाला, तर पुन्हा पहिल्यापासून!" असंही बजावलं.

चार महिन्यांत पाच ग्रॅमवर पोचलो आणि जांबोटीहून पत्नीची थोरली मावसबहीण, आक्का, आली. मी काप खाऊन घड्याळ बघत होतो. पत्नी कल्याणी गोळ्या घेऊन समोर.

"डाक्टरनं एवढंच खायला सोडलंय व्हय गं?" आक्कांनी हळूच विचारलं.

"हो. सोसलं तर वाढवतील."

आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. मी खुलासा करणार होतो, पण योग्य शब्द सुचेपर्यंत त्यांची बस निघून गेली.

दुसऱ्या सकाळी आक्कांसह अर्धी जांबोटी दारात! आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतं? प्रत्येकाच्या पिशवीत सफरचंदं!

"आण्णा, लई वाळलासा की!" त्यांच्यातला रवळू म्हणाला. मी पहिल्यापासून असाच आहे, हे सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात आक्का स्वयंपाकघरातून वाडगा घेऊन आल्या. "पाव्हणं, सफरचंद मऊ करून आणलंय. माझी शपथ हाय, समदं खायचं!"

अकरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. चार महिन्यांची मेहनत पणाला! पण नाही म्हणायची हिंमत कुठून आणू? डोळे मिटून, चवही न घेता वाडगा संपवला.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. खाज नाही, सूज नाही!

"जिंकलो!" मी ओरडलो आणि डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला.

"कच्चंच होतं ना?" त्यांनी विचारलं.

"आजाऱ्याला कच्चं कोन देतंय?" आक्का बाजूनं ओरडल्या. "कुकरला चार शिट्ट्या दिल्या!"

"मग काय होणार? शिजवल्यावर त्याचा त्रासदायक गुण जातो. तुमच्या प्रकारात उकडलेलं आधीपासूनच चाललं असतं."

चाळीस वर्षं मी शिऱ्यातली सफरचंदाची फोडसुद्धा बाजूला काढत आलो होतो.

"आजचा पाच ग्रॅमचा कच्चा काप तेवढा चुकवू नका," डॉक्टर म्हणाले.

कल्याणी आत धावली आणि तिथूनच ओरडली, "आक्का, वजनकाट्यावरचा काप कुठाय?"

"त्यो बी टाकला की कुकरात!"

"बरं, पिशवीतलं एक दे."

"कुठलं देऊ? समदीच उकडली. एवढी मान्सं आल्यात, खायला काय तरी नको व्हय?"

मग मीही पंगतीला बसलो. खरं सांगतो, दोनदा मागून घेतलं.