कुंदामावशीचं हळदीकुंकू

कुंदामावशी भेटली की रामराम करत नाही, वय विचारते. लग्नात तिने नवरदेवाच्या आईला विचारलं. बेसा चौकात वांगी निवडता निवडता भाजीवालीला विचारलं. एकदा तर तेरवीला गेली असताना रडणाऱ्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं. ती बिचारी हुंदका आवरून म्हणाली, "चौतीस."

"मंग बसते तू त्यात," मावशी म्हणाली. "दुखवटा सरला का येजो."

त्यात म्हणजे तपासणीत. मावशी आमच्या वस्तीची आशाताई, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायच्या आधीच ओळखता येतो, हे तिला एका प्रशिक्षणात कळलं. तेव्हापासून तिशी ओलांडलेली कुठलीही बाई तिच्या तावडीतून सुटत नाही.

आम्ही तिच्या समोरच्या घरात राहतो. आमच्याकडे कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून गल्लीतलं लिहिण्याचं काम माझ्याकडे येतं. संध्याकाळी बसमधून उतरून येते तेव्हा पाय भरून आलेले असतात आणि मावशी रजिस्टर घेऊन आमच्या ओट्यावर बसलेली असते. दिवसभर फिरून तिचेही पाय सुजलेले. आम्ही दोघी जांभया देत नावं भरतो. पहिल्या दिवशी मला 'गर्भाशय' हा शब्द मोठ्याने वाचता आला नाही.

"कायले लाजते वं?" मावशी ओरडली. "तूबी थ्याच्यातूनच आली ना?"

समोर गप्पा मारणारे तीन पुरुष गुपचूप घरात गेले.

तपासणी समजावण्याची तिची एक पद्धत आहे. "चायनीजच्या गाड्यावर व्हिनेगर राह्यते ना, थसंच पानी लावते सिस्टर. मिनिटभर थांबाचं. पांढरा डाग दिसला तं पुढं दाखवाचं, नाई तं घरी जाचं. तव्यावरची भाकर करपत नाई तवर होते." तरी बायका येत नाहीत. एकीला फ्लॅटवाली मॅडम सुट्टी देत नाही. दुसरी नवऱ्याला विचारते म्हणते आणि विचारतच नाही. तिसरीचं म्हणणं, "मले काही तरासच नाई, मंग काहून दाखवू?" मावशी प्रत्येक दारात तेच बोलते. कधी कधी बोलता बोलता भिंतीला टेकून डोळे मिटते आणि तशीच बोलत राहते.

सगळ्यांत अवघड माझी आई. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. आई एकेचाळीस वर्षांची, चार घरची धुणीभांडी करते. तपासणीचं काढलं की म्हणते, "मले काही होत नाई." मला भीती वाटायची. तिच्याशिवाय मला कोणी नाही, पण हे तिला तोंडावर कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

संक्रांतीनंतर मावशीला युक्ती सुचली. बाया दवाखान्यात येत नाहीत, पण हळदीकुंकवाला येतात. मग तिने दवाखान्यातच हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून चहाची गाळणी. "आंधी तपासनी, मंग गाळनी," अशी दवंडी तिने गल्लीगल्लीत पिटली.

बायका काठपदराच्या साड्या नेसून आल्या. एक तर तीन जावांना घेऊन आली. आत सिस्टर वैतागली, "मी निऱ्या सांभाळू का डाग पाहू?" पण दुपारपर्यंत रांग फाटकापर्यंत गेली होती. मावशीला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही रजिस्टर भरायला बसलो. बाईचं नाव, वय, पतीचं नाव. लिहिता लिहिता मी थांबले. सांगू की नको, असं झालं.

"मावशी, यात एकही विधवा नाही."

"काहून नाई? सगळ्याईले बलावलं ना मी!"

"हळदीकुंकवाला बोलावलं."

मावशीने रजिस्टर जवळ ओढलं. तिचा स्वतःचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"माह्या ध्यानातच नाई आलं," ती हळूच म्हणाली. "मी तं ड्युटीवर होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या घरी आली. आई तांदूळ निवडत होती.

"चुकली मी, सुमन."

"थ्यात काय चुकलं," आई मान वर न करता म्हणाली. "आमाले कोन बलावते."

"मी बलावून राहिली ना आता."

"तू केली का सोताची?"

मावशी सुपातले खडे वेचायला लागली. दोन वर्षं मी तिचं रजिस्टर भरते आहे. त्यात तिचं नाव नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"भेव वाटते वं," ती म्हणाली.

आईने सूप बाजूला ठेवलं. "चाल मंग. दोघीबी जाऊ."

मीही त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. आई लगेच बाहेर आली. "झालंबी?" म्हणून मलाच विचारायला लागली. तिचं सगळं ठीक होतं.

मावशीला वेळ लागला. तिला पांढरा डाग निघाला. डॉक्टर मॅडम समजावत होत्या, की डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, मोठ्या दवाखान्यात पुन्हा पाहतील, उपचार होतो. हेच शब्द मावशीने किती बायकांना सांगितले असतील. ती नुसती मान हलवत होती.

मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी भरायला माझ्याकडे आली. तिच्यात शेवटी 'सोबत येणारी व्यक्ती' असा रकाना असतो. ज्यांचं कोणी येत नाही, त्यांच्या चिठ्ठीवर मावशी तिथे स्वतःचं नाव लिहायला लावते. मी तिच्याकडे पाहिलं.

"कोरं राहू दे," ती म्हणाली. "मले रस्ता पाठ हाये."

आई अजून निऱ्या नीट करत होती. ती माझ्याजवळ येऊन वाकली. तिला वाचता येत नाही.

"कुठं हाये थे खानं?"

मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"लिव माहं नाव," आई म्हणाली. "पुरं लिव."