तोफगाडी क्रमांक सहा

स्वतःच्या इंजिनावर पळणारी तोफगाडी देशाकडे एकच होती, पण संचलनात सहा दिसायच्या. ही किमया चालकाची. मैदान ओलांडलं की गाडी मागच्या गल्लीत वळायची, मागे बसलेला शिपाई उडी मारून क्रमांकाची पाटी बदलायचा आणि गाडी पुन्हा धडधडत मैदानात. हे लष्करी गुपित होतं, म्हणजे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

चालकाचं घर त्याच गल्लीत. पण अकरा वर्षं नेमणूक सरहद्दीवर. गाडीबरोबर वर्षातून चार दिवस यायचा, तेवढाच संसार. यंदा जनरलसाहेबांनी शब्द दिला होता, "सहाच्या सहा नीट गेल्या, तर तुझी बदली इथल्या डेपोत. एक जरी चुकली, तर सरहद्द आहेच."

आदल्या दिवशी त्याने बायकोला गच्चीपासून समोरच्या खांबापर्यंत कपड्यांची नवी दोरी बांधून दिली.

"अहो, तुमच्या गाडीला लागणार नाही ना?"

"अगं, अकरा वर्षं हाकतोय. चार बोटं खालून जाईल."

हिशेब चोख होता. पहिल्या तीन फेऱ्या अलगद गेल्या. मग ऊन बघून बायकोने ओली चादर वाळत घातली आणि दोरीला झोळ पडला.

चौथ्या फेरीला मैदानाकडे निघतानाच तोफेच्या नळीने चादर उचलली. चालक बिचारा खाली बसलेला, त्याला डोक्यावरचं काय दिसणार? आरशात गच्चीवरची बायको मात्र दोन्ही हात हलवताना दिसली. इतक्या वर्षांनी आपलं कौतुक होतंय, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. त्यानेही हात हलवला. शिपायालाही काही कळलं नाही. पाटी मागे, चादर पुढे. पाचव्या फेरीला बायको आणखी जोरात हात हलवू लागली. चालकाने चक्क सलाम ठोकला.

सहाव्या फेरीला ती गल्लीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी.

"आधी माझी चादर!"

"अगं, बाजूला हो! बदली जाईल माझी!"

"तुम्हीच इस्त्रीने जाळलेली चादर ती! दोनदा मिरवलीत साऱ्या देशापुढे!"

चालकाने डोकं बाहेर काढून वर पाहिलं, तर नळीवर चादर लटकलेली. तिकडे लाउडस्पीकर तिसऱ्यांदा ओरडत होता, "आणि आता, तोफगाडी क्रमांक सहा!"

सहा नंबर गेलाच नाही. उलट जनरलसाहेबच गल्लीत आले, मागोमाग शेजारच्या देशाचे राजदूत. आता सरहद्दच, असं म्हणून चालकाने डोळे मिटले.

"चार नंबरच्या गाडीवर इस्त्रीचा डाग," राजदूत म्हणाले, "आणि पाच नंबरवरही तोच?"

"इस्त्री एकच असेल," जनरलसाहेब पुटपुटले.

राजदूत पोट धरून हसत सुटले. "अहो, आमच्याकडेही एकच आहे! आमची मागची गल्ली लांब पडते, म्हणून तीनच फेऱ्या होतात. तुमच्या सहांच्या धास्तीने आमच्या लोकांना झोप नाही हो!"

महिन्याभरात दोन्ही देश बोलणी करायला बसले आणि सरहद्दीवर तोफ नको, असं ठरलं. गाडी इथल्या डेपोत आली. गाडी आली म्हणजे चालकही आला. डेपोत जागा नव्हती, म्हणून ती गल्लीच्या टोकाला उभी राहू लागली.

रोज सकाळी चालक आत बसून नळी हळूहळू वर घेतो.

"पुरे?"

"अजून थोडी. हां, पुरे," बायको नळीवर चादर टाकत म्हणते. "दोरीपेक्षा हीच बरी. झोळ तरी पडत नाही."