बिनमशीनची थंड कॉफी

मशीन लागतंच कशाला, असं जावईबापू बोलून गेले आणि पुढचं सगळं त्या एका वाक्याने ओढवलं.

बोलले तेही साडूंच्या घरी, साडूंच्या सोफ्यावर बसून, साडूंच्या मशीनमधून आलेली कॉफी हातात धरून. साडूंनी ते मशीन नवंच घेतलं होतं. बटण दाबलं की ते आधी घसा खाकरायचं, मग अंगात आल्यासारखं थरथरायचं आणि शेवटी कंजूष माणसाने देणगी द्यावी तशी थेंब थेंब कॉफी सोडायचं. साडू त्यात कसल्याशा सुवासिक पाकाचे दोन चमचे घालत, वर बर्फ घालत आणि मग हे सारं असंच का करायचं ते पाहुण्याला समजावून सांगत. समजावून होईपर्यंत बर्फ विरघळलेला असे.

जावईबापूंचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना ‘हे स्पष्ट दिसतं की हे?’ असं विचारणारा माणूस स्वतःपुरतं मात्र विचारायचं विसरतो. ते म्हणाले, “पुढच्या रविवारी आमच्याकडे या. मशीनशिवाय करून पाजतो. याच्यापेक्षा बरी.”

यावर थोरली मेव्हणी म्हणाली की रविवारी तशीही ती येणारच आहे. नानांना न्यायला.

नाना म्हणजे जावईबापूंचे सासरे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. वयोमानाने ते बंद केलं आणि नाना धाकट्या मुलीकडे, म्हणजे जावईबापूंच्या घरी, राहायला आले. तेव्हापासून खिडकीपाशी एक खुर्ची आणि खुर्चीत नाना. बोलणं म्हणाल तर ‘हं’. जेवणार का? हं. पंखा लावू का? हं. बंद करू का? हं. यातल्या कुठल्या ‘हं’चा अर्थ काय, हे फक्त धाकटीला कळे. थोरलीचं म्हणणं असं, की नाना तुमच्याकडे सुकत चाललेत, आमच्याकडे जरा हवापालट होईल. परत येताना धाकटी रस्ताभर नानांचे सदरे किती ते मोजत होती. जावईबापूंनाही बरं वाटत नव्हतं. आपला एकही विनोद मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकच माणूस घरात होता, आणि तोच निघाला होता.

पण शब्द दिला होता. शनिवारी त्यांनी जाडसर दळलेली कॉफी आणली, मोठ्या बरणीत गार पाण्यात भिजत घातली आणि झाकणावर हात ठेवून बायकोला सांगितलं की आता फक्त वाट बघायची, खरी कॉफी ही वाट बघून होते. बायको म्हणाली की वाट बघून झाली की ओटा पुसा.

सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून निघालेला अर्क इतका काळा होता की जावईबापूंना स्वतःचाच आदर वाटला. तो त्यांनी सॉसच्या धुतलेल्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवला. शेजारी तशाच दुसऱ्या बाटलीत नानांचा खोकल्याचा काढा होता, सुंठ आणि ज्येष्ठमधाचा. तोही काळाच. या घरात सॉसची बाटली टाकून द्यायची पद्धत नव्हती.

मग पाक. साखर जाळून खमंग पाक करायचा आणि त्यात संत्र्याची साल, असा बेत होता. पहिल्या खेपेला साखर जळली. दुसऱ्या खेपेला ती वेळेवर उतरवली, पण घट्ट झाली. चमचा पातेल्यात उभा राहिला आणि मग काही केल्या आडवा होईना. तिसऱ्या खेपेच्या ऐन मोक्याला बायको फळं आणायला निघाली आणि दारातून सांगून गेली की नानांना अर्धा पेला काढा द्या.

जावईबापूंनी एका हाताने पाक ढवळत दुसऱ्या हाताने फ्रिज उघडला, बाटली काढली, अर्धा पेला भरला आणि नानांच्या हातात दिला. नानांनी एक घोट घेतला. थांबले. मग सगळा पेला रिकामा केला आणि तो पुढे केला.

“अजून आहे?” नाना म्हणाले.

दोन शब्द होते. त्यांत ‘हं’ नव्हता. जावईबापूंना इतका आनंद झाला की त्यांनी काठोकाठ भरून दिला. बाटली रिकामी झाली.

पाक अखेर जमला. तोवर बायको परतली होती. जावईबापूंनी बर्फ कुटायला मिक्सर लावला. मिक्सर या घरात नेहमीच दाढ दुखल्यासारखा ओरडायचा, कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण मागून आवाज आला, “बुश गेलाय. दांडा घासतोय.”

नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. खुर्चीत नव्हते, उभे होते. डोळे चष्म्याच्या जाहिरातीतल्यासारखे चमकत होते. त्यांनी मिक्सर ताब्यात घेतला, पलंगाखालची आपली हत्यारांची पेटी काढली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि बसले. बघता बघता मिक्सर उरला नाही, मिक्सरचे भाग उरले. मग त्यांनी वर पाहिलं. पंखा खरखरतो, म्हणाले. जावईबापूंनी आधी मिक्सर जोडायचं सुचवून पाहिलं, तर नानांनी सांगितलं की दुकानाची रीत तशी नव्हती. आधी सगळं उघडायचं, मग सगळं एकदम साफ करायचं, मग एकदम बसवायचं. एवढं मोठं बोलणं त्यांच्या तोंडून ऐकून धाकटी हातातलं संत्रं हातातच ठेवून उभी राहिली.

थोरली आणि साडू आले, तेव्हा नाना स्टुलावर चढलेले होते, पंख्याची पाती दिवाणावर ओळीने झोपवलेली होती आणि इस्त्रीचं पोट उघडं होतं. थोरलीच्या हातात नानांच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी बॅग होती. ती दारातच थबकली. तिला गादीला टेकलेले, मान टाकलेले वडील अपेक्षित होते.

“मला बघून कसे टवटवीत झालेत बघा,” ती साडूंना म्हणाली. “मी म्हणत नव्हते? माणसाला आपलं माणूस लागतं.”

धाकटी संत्रं सोलायला बसली. साडूंनी आपल्यामागे दार लावलं. ते नेहमीप्रमाणे अडकलं, म्हणून त्यांनी ते खांद्याने ढकललं. खाटकन आवाज झाला. नाना स्टुलावरून उतरले आणि सरळ दाराकडे गेले.

“हे कुलूपही बघायला हवं,” ते म्हणाले.

कुलूपही वर्तमानपत्रावर आलं. जावईबापू तोवर आपल्या कामाला लागले होते. बर्फ त्यांनी रुमालात बांधून बत्त्याने कुटला. उंच पेल्यांत पाक, त्यावर अर्क, त्यावर दूध, त्यावर बर्फ, वर संत्र्याच्या सालीचा पीळ. दिसायला ती कॉफी साडूंच्या कॉफीच्या तोंडात मारील अशी होती. पाहुण्यांना देऊन त्यांनी स्वतःचा पेला उचलला आणि घोट घेतला.

सुंठ.

दुसरा घोट घेऊन खात्री करायची गरज नव्हती, तरी त्यांनी घेतला. ज्येष्ठमध. मग त्यांनी मान वळवून नानांकडे पाहिलं. नाना गुडघ्यांवर बसून कुलपाची स्प्रिंग उजेडात धरून पाहत होते आणि शीळ घालत होते.

साडूंनी अर्धा पेला संपवला होता. ते डोळे मिटून बसले होते. जावईबापूंनी मनातल्या मनात शरणागतीचं वाक्य तयार केलं.

“यात काय आहे?” साडू हळूच म्हणाले. “थंड आहे, पण घशाला ऊब लागते. नाक मोकळं झालं माझं. आमच्या मशीनला हे होत नाही.”

“घरगुती आहे,” जावईबापू म्हणाले. खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं.

मग ते बाल्कनीत गेले आणि ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. अर्क पातळ न करता दीड पेला, असं ऐकल्यावर डॉक्टरांनी आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले की छातीत धडधड नसेल तर भरपूर पाणी पाजा, लक्ष ठेवा, काही वाटलं तर घेऊन या, आणि मुख्य म्हणजे त्यांना कुठे चढू देऊ नका. आतमध्ये स्टूल पुन्हा सरकल्याचा आवाज आला.

जावईबापू पाण्याचा तांब्या घेऊन धावले. नानांना खाली उतरवलं, पाणी पाजलं, धडधडतं का विचारलं. नाना म्हणाले, धडधडत नाही, चालतंय. मग आवाज अगदी खाली आणून जावईबापूंनी सांगून टाकलं.

“नाना, मघाशी दिला तो काढा नव्हता.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?”

नानांनी हातातली पक्कड खाली ठेवली. “दुकानात रोज दोनदा कॉफी यायची,” ते म्हणाले. “इथे आलो तेव्हापासून कुणी विचारलं नाही. दूध देता, काढा देता. म्हटलं, चुकून का होईना, आली.”

नानांना सगळं विचारून झालं होतं, पंखा लावू का, बंद करू का. कॉफी घेता का, हे तेवढं राहून गेलं होतं.

जेवणं झाली. नाना सगळे भाग रॉकेलच्या फडक्याने पुसायला बसले, आणि पुसता पुसता थंडावले. हात मंद झाला, मान झुकली. कॉफी जशी चढली होती तशी उतरली. भिंतीला टेकून, मांडीवर कुलपाचा सांगाडा घेऊन नाना गाढ झोपले. त्यांच्याभोवती मिक्सर, पंखा, इस्त्री, दारावरची घंटा आणि कुलूप पसरलेलं होतं. कुठला स्क्रू कुणाचा, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो घोरत होता.

थोरली म्हणाली की बिचारे आनंदाने दमले, आता तिकडे आराम करतील. पाचला गाडी येणार होती. ती बॅग उघडून आतल्या खोलीत गेली. धाकटी आधीच तिथे होती. नानांचे सदरे घड्या करून पलंगावर ठेवत होती, आणि प्रत्येक घडी दोनदा मोडून पुन्हा घालत होती. जावईबापू दारातून हे पाहत राहिले. मग आत जाऊन त्यांनी दोघी बहिणींसमोर खरं काय ते सांगितलं. काढ्याच्या बाटलीसकट.

थोरली पलंगावर बसली. “म्हणजे मला बघून नाही?”

“तुम्हाला बघूनही असेल,” जावईबापू म्हणाले. “पण आधी दीड पेला कॉफी होती.”

“आणि मी प्यायले ती?”

“काढा.”

थोरली म्हणाली, हे यांना सांगू नका, वाटेत सांगते. कॉफीने का होईना, वडील बोलले, हे तिलाही नाकारता येईना. पण न्यायचं ते न्यायचंच. कॉफी काय, तिकडेही मिळेल, चांगली मशीनची. धाकटीचा चेहरा पुन्हा पडला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. साडू दाराकडे गेले आणि परत आले.

“दाराची मूठ कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

दाराची मूठ नानांच्या मांडीवर होती. कुलपाची जीभ मात्र चौकटीत होती, जिथे साडूंनी ती खांद्याने बसवली होती, म्हणून दार उघडेना. साडूंनी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि भोकात घालून आत्मविश्वासाने फिरवला. काहीतरी टणकन उडालं आणि कपाटाखाली गेलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर गुपचूप पेटीत ठेवून दिला. हॉर्न पुन्हा वाजला. तिसऱ्या मजल्यावरून गाडीवाल्याला थांबायला सांगायला जावईबापू बाल्कनीत गेले. तो थोडा थांबला, मग हात हलवून निघून गेला. कॉफी कधीच संपली होती आणि नानांना हलवून उठवायचं धाडस कुणालाच होईना.

ते आपणहून उठले, तेव्हा चौघेही त्यांच्याभोवती उकिडवे बसलेले होते. कारण पंखा नव्हता आणि वर्तमानपत्राने वारा घालायचं ठरलं होतं.

“नाना, निघायचंय,” थोरली म्हणाली. “तुमची बॅग भरलीय.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग पसाऱ्याकडे पाहिलं.

“गिऱ्हाइकाचं काम उघडं टाकून मी कधी गेलोय?” ते म्हणाले. “हे होऊ दे. मग मिक्सरचा बुश बाजारात बघायला लागेल. शेजारची घंटा पण नीट वाजत नाही, ती ऐकली मी. मला काही इतक्यात जमत नाही यायला. तुझ्याकडे पंखा कसा आहे?”

“चांगला आहे,” थोरली म्हणाली.

“मग झालं तर.”

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत होती. धाकटी उठून आत गेली आणि बॅगेतले सदरे काढून पुन्हा कपाटात लावून आली. आता घड्या एकदाच घातल्या.

“बरं, नाना,” साडू घड्याळाकडे बघत म्हणाले, “आधी तेवढं दाराचं कुलूप बसवता का? म्हणजे आम्ही सुटतो. त्यातलं काहीतरी उडून कपाटाखाली गेलंय.”

नानांनी पक्कड उचलली. साडूंना स्टुलाशी उभं केलं, जावईबापूंच्या हातात पंख्याची पाती दिली, एका मुलीला टॉर्च धरायला सांगितला आणि दुसरीला कपाटाखाली उडालेली स्प्रिंग शोधायला.

“कुलूप सगळ्यात शेवटी,” ते म्हणाले. “आधी बसवलं तर माणसं पळून जातात.”