ईश्वरप्पांची सपाट रेघ

संगणक खडखड करायला लागला तेव्हा मी ठरवलं, संगणक बदलायचा नाही, आतली हार्ड डिस्क तेवढी बदलायची. निर्णय एवढासाच. (माझे निर्णय एवढेसेच असतात, निस्तरायला गाव लागतं.)

मी शिवकांता. नेकनूरला माझं किराणा दुकान आहे. शाळेची पायरी चढले नाही. पुड्या बांधायच्या वर्तमानपत्रांवर अक्षरं शिकले. गावात केबल आली, एसटीडी आला, आणि नातू वीरेशने पुण्याहून त्याचा जुना संगणक आमच्याकडे आणून टाकला. तोही मी कुणाला न विचारता शिकले. पण त्यात खरे रमले ते आमचे मालक, ईश्वरप्पा. हो, घेते मी नाव! दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. आता नाव घेतलं तरी ओ देणारं कोण आहे?

पडद्यावर कपिलधारच्या धबधब्याचा फोटो त्यांनीच लावलेला. आणि आत त्यांचा आवाज होता. माईक चालतो का बघायला केलेलं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. रोज दिवाबत्ती झाली की मी ते ऐकते. (शेजारणींना सांगते, पत्ते खेळते.)

म्हणून बीडहून शहादेव मेकॅनिकला बोलावलं. रेडिओ दुरुस्त करता करता संगणकाला लागलेला पन्नाशीचा माणूस. त्याने आणलेली डिस्क जुनीच्या निम्मी.

"आक्का, बाजारात हीच व्हती. नवं विंडोज टाकतो, सुटसुटीत व्हईल."

"नवं न्हाई. हाय तसंच्या तसं इकडून तिकडं ने. धबधब्यासकट."

"मावाया तर पायजे!"

तेवढ्यात शेजारची साखराबाई मीठ न्यायला आली. दरसाल सहा महिन्यांचा संसार एका बैलगाडीत घालून ऊसतोडीला जाणारी बाई. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय अवघड? हंड्यात तांब्या, तांब्यात मिठाची पुडी. रिकामी जागा म्या गाडीत घेतच न्हाई."

मला लई पटलं.

शहादेवने वीरेशचे खेळ काढले, गाणी काढली. तरी थोडं उरतच होतं. शिल्लक काय, तर महिला मंडळातली माझी तीन भाषणं आणि मालकांचं रेकॉर्डिंग.

"एखादं भाषण काढू का?"

"दारूबंदीवरची हायेत ती! हात लावू नको."

मग त्याने रेकॉर्डिंग उघडलं. स्पीकर अजून जोडले नव्हते, पण पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ आली. कुठे उंच डोंगर, कुठे नुसती सपाट. मी चष्मा वर सारला आणि साखराबाईचं शहाणपण वापरलं.

"ही सपाट जागा रिकामीच हाय की. काढ सगळी."

"नक्की, आक्का?"

"मला शिकवतो कावून?"

त्याने काढली. सगळं मावलं. साखराबाईने नव्या डिस्कला हात जोडले. शहादेवने स्पीकर लावले.

"माईक काय तोंडात घालताय? दाढी तरी केली का? त्याला हात लावू नका, बिघडंल!"

मी. सलग मी. शेवटपर्यंत फक्त मी.

डोंगर सगळे माझे होते. सपाट रेघ म्हणजे ईश्वरप्पा.

सेहेचाळीस वर्षं माझ्या आवाजाखाली दबलेला तो आवाज, शेवटी मीच बोट दाखवून काढायला लावला. मी मागच्या पोत्यावर मटकन बसले. (रडले नाही. पोतं मिरचीचं होतं.)

"आक्का," शहादेव हळूच म्हणाला, "मूळ रेकॉर्डिंग जुन्या डिस्कमंदी हाय. ती आणिक एकदा चालली तर..."

"मग चालव!"

"जागा?"

"भाषणं काढ. तिन्ही."

"दारूबंदी?"

"मला पाठ हाय. गावालाबी हाय."

जुनी डिस्क खडखडली, अडली. साखराबाई पुढे सरकली आणि चढाला अडलेल्या बैलाला चुचकारावं तशी म्हणाली, "चल माज्या राजा, एवढाच चढ." आणि खरंच, सगळं आलं.

आता रोज स्पीकरला कान लावून बसते. माझ्या डोंगरांच्या मधून बारीक आवाज येतो. "हं... बरं... अगं पण..." आणि शेवटी, अगदी स्पष्ट: "शिवकांता, एक सांगायचं व्हतं. सांगू का?"

"सांगा," मी म्हणते. रोज म्हणते, आणि गप्प बसते. (मी. गप्प.)

मग माझाच शेवटचा डोंगर येतो. "आधी ते बंद करा, लाईट जळतीय!"

आणि त्या माणसाने जन्मभर ऐकलं, तसंच तेव्हाही माझं ऐकलं. खट्ट.